दिरहम नावाचा जुना रुपया

आमच्या मजल्यावरच्या चाचींकडे एक लांबट वही आहे, वाण्याकडे उधारीला असते तशी. मीरा रोडला नया नगरात त्या राहायला आल्या ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. वही त्याही आधीची, कोकणातल्या गावापासूनची. पहिली नोंद १९८४ ची. चार रकाने: तारीख, दिरहम, भाव, रुपये. आधी नवरा दुबईला होता, आता मुलगा शारजाला आहे. पूर्वी रजिस्टर पोस्टाने ड्राफ्ट यायचा, तो बँकेत भरून वटायची वाट पाहायची. आता मोबाइल वाजतो आणि पैसे खात्यात पडलेले असतात. नोंद मात्र अजून वहीतच होते.

एकदा त्या म्हणाल्या, "हजाराचे बारा यायचे तेव्हा दोन पैसे उरायचे. आता चोवीस येतात आणि पुरत नाहीत. हा हिशेब मला कुणी समजावून सांगेल का?"

हजाराचे बारा म्हणजे हजार दिरहमांचे बारा हजार रुपये. चाचींचा प्रश्न साधा वाटतो, पण रुपयाच्या दरावरची शंभर वर्षांची सगळी भांडणं त्यात आहेत. रुपया पडला की देशाची नामुष्की, असं एक बाजू म्हणते. रुपया पडला की आखातात माणूस असलेल्या घरांची चांदी, असं दुसरी म्हणते. मीरा-भाईंदरमध्ये दुसरी बाजू जास्त ऐकू येते. स्टेशनपासून नया नगर, शांतीनगरपर्यंत ज्यांच्या घरचं कुणी ना कुणी 'बाहेर' आहे, ते सकाळी हवामानाआधी 'रेट' पाहतात. उत्तन-डोंगरीकडच्या ज्या घरांतला माणूस जहाजावर आहे, त्यांचंही तेच. दोन्ही बाजू वहीच्या तिसऱ्या रकान्यापाशीच थांबतात. आपण तो रकाना जरा मागून, सुरुवातीपासून वाचू.

हुंडणावळ

'विनिमय दर' हा शब्द तसा अलीकडचा. जुन्या मराठीत त्याला 'हुंडणावळीचा दर' म्हणत. एका पेठेत पैसे भरून दुसऱ्या पेठेत हुंडी वटवायची, तर मधल्या फरकाची आकारणी ती हुंडणावळ. नाणं हलकं निघालं तर कापून घ्यायचा तो बट्टा. पेशवाईत एकाच राज्यात अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे निरनिराळे रुपये चालत आणि सराफाचा निम्मा धंदा त्यांची सांगड घालण्यातच जाई. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हाली आणि कलदार आठवतात: निजामाच्या सात हाली रुपयांना सरकारी दराने इंग्रजी सहा कलदार. गोव्यात पोर्तुगीज रुपिया होता आणि १९५९ मध्ये एका रुपियाला सहा एश्कुदो या दराने तो बदलला.

आपला हा परिसरही दोन चलनांच्या सीमेवर फार काळ राहिलेला. भाईंदर, घोडबंदर, उत्तन ही साष्टीची गावं. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेपर्यंत, म्हणजे १७३०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, हा मुलूख पोर्तुगिजांकडे होता, मग मराठ्यांकडे गेला आणि १७७४ च्या शेवटी इंग्रजांकडे. इथल्या माणसाला दोन नाण्यांचा हिशेब नवा नाही. नवं एवढंच की दुसरं नाणं आता समुद्रापलीकडे राहतं.

एक शिलिंग सहा पेन्स

आधुनिक रुपयाचा दर ठरला लंडनकडे तोंड करून. १८९३ पर्यंत भारतात चांदी टांकसाळीत नेऊन कुणीही रुपये पाडून घेऊ शकत असे. जगात चांदी स्वस्त होत गेली तसा रुपयाही पौंडासमोर घसरत गेला. १८९३ मध्ये टांकसाळी खासगी चांदीला बंद झाल्या आणि शतकाअखेर रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर बांधला गेला. पहिल्या महायुद्धाने ती गाठ सुटली. १९२० मध्ये तो २ शिलिंगांवर टिकवण्याचा प्रयत्न सरकारने केला, तो फसला. मग १९२५-२६ मध्ये हिल्टन यंग आयोग नेमला गेला. आयोगाने १ शिलिंग ६ पेन्स सुचवले आणि १९२७ च्या कायद्याने तोच दर पक्का झाला.

त्या दोन पेन्सांवरून मुंबई पेटली होती. गिरणीमालक आणि व्यापारी म्हणत, दर १ शिलिंग ४ पेन्सच हवा. महाग रुपयामुळे परदेशी कापड स्वस्त पडतं आणि शेतकऱ्याच्या कापसाला कमी रुपये मिळतात, हा त्यांचा मुद्दा होता. आयोगाचे सदस्य असलेले पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली.

याच आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची साक्ष झाली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी लिहिलेल्या प्रबंधावरचं त्यांचं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे पुस्तक १९२३ मध्ये निघालं होतं. त्याचा गाभा थोडक्यात असा: रुपयाचा पौंडाशी किंवा सोन्याशी असलेला भाव स्थिर ठेवणं म्हणजे रुपया स्थिर ठेवणं नव्हे. रुपयाची देशातली सर्वसाधारण खरेदीशक्ती स्थिर राहिली तरच तो स्थिर म्हणायचा. सरकार आणि व्यापारी हुंडणावळीचा दर पाहत होते, बाबासाहेब रुपयात काय येतं ते पाहत होते. चाचींच्या प्रश्नापाशी आपल्याला परत यायचं आहे तेव्हा हे लक्षात असू द्या.

नाशिकची नोट, दुबईचा बाजार

'स्वातंत्र्य मिळालं तेव्हा एक रुपया म्हणजे एक डॉलर होता' हे विधान दर १५ ऑगस्टला फिरत येतं. ते खोटं आहे आणि तपासायला फक्त भागाकार लागतो. १ शिलिंग ६ पेन्सच्या दराने पौंडाला १३ रुपये ३३ पैसे पडत. पौंड तेव्हा ४.०३ डॉलरचा, म्हणजे डॉलर सुमारे ३ रुपये ३१ पैशांचा. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन करून तो २.८० डॉलरवर आणला. भारतही सोबत उतरला आणि डॉलर ४.७६ रुपयांचा झाला. तो तसाच सतरा वर्षं राहिला.

त्या काळात दुबईचं चलन कोणतं होतं? आपलाच रुपया. मोत्यांच्या व्यापारापासून आणि ब्रिटिश अमलापासून कुवेत, बहारीन, कतार, ओमान आणि आजच्या अमिरातीच्या किनाऱ्यावर भारतीय रुपयाच चाले. रिझर्व्ह बँक मुंबईत बसून आखाताचंही चलन सांभाळत होती आणि ते तिला महागात पडत होतं. भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी असल्याने सोनं इथे बाहेरच्यापेक्षा महाग. चोरवाटेने रुपये दुबईला जात, त्यांचं सोनं होऊन कोकण-गुजरातच्या किनाऱ्याला लागे आणि आखातातल्या बँका तेच रुपये रिझर्व्ह बँकेकडे परत करून पौंड मागत. म्हणजे तस्करीच्या सोन्याची किंमत देशाच्या गंगाजळीतून चुकती होत होती.

उपाय निघाला मे १९५९ मध्ये: आखातासाठी वेगळ्या नोटा. छपाई नाशिकचीच, भाव भारतीय रुपयाइतकाच, पण रंग निराळे आणि क्रमांकाआधी 'झेड' हे अक्षर. भारतात त्या चालणार नव्हत्या. याच सुमारास हज यात्रेकरूंसाठीही स्वतंत्र नोटा निघाल्या. भारतीय रुपयातून गल्फ रुपया असा वेगळा झाला. दोघांचा भाव मात्र अजून एकच होता.

कुवेतने १९६१ मध्ये एका पौंडाइतका, म्हणजे १३⅓ रुपयांचा, स्वतःचा दिनार काढला. बहारीनने १९६५ मध्ये दहा रुपयांचा दिनार काढला. दुबई, कतार, अबू धाबी आणि ओमान रुपयावरच थांबले.

६ जून १९६६

दोन युद्धं, दुष्काळ आणि परदेशी मदतीची टंचाई यांनी घेरलेल्या इंदिरा गांधींच्या सरकारने ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर ४.७६ वरून ७.५० वर गेला. याबद्दल दोन टक्केवाऱ्या वाचायला मिळतात आणि दोन्ही बरोबर आहेत: रुपया साडेछत्तीस टक्क्यांनी उतरला आणि डॉलर साडेसत्तावन्न टक्क्यांनी चढला.

ज्या देशांच्या तिजोरीत गल्फ रुपये होते त्यांचा तोटा एका रात्रीत झाला. त्यांचा काही दोष नव्हता. दुबई आणि कतारने काही आठवड्यांसाठी सौदी रियाल चालवला आणि त्याच वर्षी आपला संयुक्त रियाल आणला. अबू धाबीने बहारीनचा दिनार घेतला. ओमानने १९७० मध्ये स्वतःचा रियाल आणला आणि रुपयाचं आखातातलं राज्य संपलं.

कतार-दुबई रियालाचा भाव ठरवताना त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी अवमूल्यनाआधीचा रुपयाच उचलला: ०.१८६६२१ ग्रॅम सोनं. हा आकडा १९४९ ते १९६६ मधल्या रुपयाचा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे नोंदवलेला भाव. संयुक्त अरब अमिरात २ डिसेंबर १९७१ रोजी स्थापन झाली, १९ मे १९७३ रोजी तिचा दिरहम चलनात आला आणि त्यानेही हाच आकडा पुढे चालवला. पडताळा घ्यायचा तर घ्या. फेब्रुवारी १९७३ च्या दुसऱ्या अवमूल्यनानंतर डॉलर ०.७३६६६२ ग्रॅमचा उरला होता. त्याला ०.१८६६२१ ने भागलं की ३.९४७ येतात आणि नव्या दिरहमाचा डॉलरशी दर तोच होता.

म्हणजे १९७३ चा दिरहम हा १९६६ च्या ५ जूनचा रुपया आहे. १९२७ मध्ये ज्या '१ शिलिंग ६ पेन्स'वरून मुंबईचे व्यापारी भांडले, त्याचा वंश भारतात संपला आणि दुबईत चालू राहिला. एकाच घरातले दोघे वेगळे निघाले, एक सोन्याला आणि पुढे डॉलरला धरून राहिला, दुसरा आपल्या वाटेने गेला. दिरहमाचा रुपयातला भाव हा म्हणूनच निव्वळ परक्या चलनाचा भाव नाही. १९६६ नंतर रुपया स्वतःपासून किती दूर गेला, त्याचंही ते मोजमाप आहे.

दिरहम जागेवरच उभा

पुढच्या पन्नास वर्षांत दिरहम फारसा हललाच नाही. १९८० पासून तो डॉलरला ३.६७ च्या आसपास आहे आणि नोव्हेंबर १९९७ पासून बरोबर ३.६७२५ वर. 'दिरहम चढला' असं आपण म्हणतो तेव्हा चढलेला असतो डॉलर, आणि बहुतेक वेळा तोही नाही, उतरलेला असतो रुपया. कोणत्याही दिवसाचा डॉलरचा भाव ३.६७ ने भागा, दिरहमाचा भाव हाती येतो. चाचींच्या वहीतला तिसरा रकाना मी असाच ताडून पाहिला. एक्स्चेंजवाल्याने कापलेले थोडे पैसे सोडले तर दर वेळी जुळला.

१९७३ मध्ये दिरहम साधारण दोन रुपयांचा होता. १९८० मध्ये सव्वादोनच्या आतच. सत्तरच्या दशकात तेलाच्या भावाने आखातात काम निघालं, रत्नागिरी-रायगडची माणसं गेली, पण ती दरासाठी गेली नाहीत, पगारासाठी गेली. १९८४ मध्ये, चाचींच्या पहिल्या ओळीत, दिरहम तीन रुपये दहा पैशांच्या आसपास आहे. १९९० मध्ये पावणेपाच.

मग १९९०-९१ आलं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळला. सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं, तेल महागलं आणि आखातातून येणारा पैसा आटला. जून १९९१ मध्ये देशाकडे जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं. ते फोर्टातल्या तिजोरीतून सहार विमानतळामार्गे गेलं. त्याच जुलैच्या १ आणि ३ तारखेला दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं, मिळून अठरा-एकोणीस टक्क्यांचं. डॉलर २१ वरून २६ कडे सरकला, दिरहम पावणेसहावरून सातावर.

वहीतल्या जुलै १९९१ च्या ओळीवर चाचींनी पेन्सिलीने रेघ मारली आहे. "अब्बांना वाटलं बँकेनं जास्तीचे चुकून घातले," त्या सांगतात. "परत मागतील म्हणून महिनाभर हात लावला नाही."

पहाटेची हुंडी

अधिकृत दरांचा इतिहास लिहिताना निम्मी गोष्ट बाहेर राहते. १९७३ च्या परकीय चलन कायद्याच्या, म्हणजे 'फेरा'च्या काळात, सरकारी दर आणि बाजारातला दर वेगळे असत. दुबईत एकाला दिरहम द्यायचे आणि दुसऱ्याच दिवशी इथे कुणीतरी दार वाजवून रुपये द्यायचं, हा हवाला. त्याचा भाव बँकेपेक्षा बरा आणि वेळ कमी. ड्राफ्टला तीन आठवडे लागत. हवाला टिकून होता तो सोन्यावर: इथे सोन्याला बंदी, म्हणून तिथे दिरहमांना जास्त भाव.

ही गाठ पोलिसांनी सोडवली नाही, कायद्याने सोडवली. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा गेला. १९९२ मध्ये परदेशातून परतणाऱ्यांना जकात भरून पाच किलोपर्यंत सोनं आणायची मुभा मिळाली. त्याच मार्चमध्ये दुहेरी दराची पद्धत आली: आलेल्या परकीय चलनाचा ४० टक्के भाग सरकारी दराने, ६० टक्के बाजाराच्या दराने. मार्च १९९३ मध्ये दोन्ही एक झाले आणि डॉलर ३१ रुपये ३७ पैशांच्या आसपास बसला, दिरहम साडेआठाला. हवाला संपला नाही, पण घरखर्चाचे पैसे हळूहळू बँकेच्या वाटेने येऊ लागले. २००० च्या जूनमध्ये 'फेरा'च्या जागी 'फेमा' आला. परकीय चलन बाळगणं हा फौजदारी गुन्ह्याऐवजी हिशेबाचा विषय झाला.

पुढचे टप्पे भराभर सांगता येतात. २००० मध्ये दिरहम सव्वाबाराचा. २००७ अखेर रुपया वधारला आणि दिरहम पावणेअकराच्या आत आला. त्या वर्षी एक्स्चेंजच्या खिडकीपाशी लोक रुपयाच्या नावाने बोटं मोडत होते आणि अर्थसंकल्पावरच्या चर्चांत त्याच रुपयाचं कौतुक चाललं होतं. ऑगस्ट २०१३ मध्ये अमेरिकेची मध्यवर्ती बँक पैशाचा ओघ आवरता घेणार या धास्तीने डॉलर ६८.८० वर गेला, दिरहम पावणेएकोणीसावर. सप्टेंबरमध्ये रघुराम राजन गव्हर्नर झाले आणि अनिवासी भारतीयांच्या परकीय चलनातल्या ठेवींसाठी बँकांना सवलतीची अदलाबदल देऊन २६ अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम उभी केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये डॉलर ८३ ला लागला आणि दिरहम साडेबावीसच्या पुढे. २०२५ च्या डिसेंबरात डॉलरने नव्वदी ओलांडली, दिरहम साडेचोवीसला गेला.

चौथ्या रकान्याचं पुढे काय

आता चाचींचा प्रश्न. हजार दिरहमांचे रुपये किती याचं उत्तर मिळालं. त्या रुपयांत काय आलं याचं मिळालेलं नाही. त्यासाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक दरांच्या शेजारी ठेवून पाहिला, आणि चित्र दोन तुकड्यांत फुटलं.

पहिला तुकडा १९८०-८१ ते २०००-०१. या वीस वर्षांत दिरहम २ रुपये १५ पैशांवरून सुमारे १२ रुपये ४५ पैशांवर गेला, जवळजवळ पावणेसहापट. याच काळात किमती साडेपाचपट झाल्या. रुपयाच्या घसरणीवर एवढी ओरड झाली, अवमूल्यनं झाली, सोनं गहाण पडलं, आणि हजार दिरहमांत येणारा किराणा वीस वर्षांनी जवळपास तेवढाच राहिला. दर महागाईच्या मागे चालत होता, पुढे नव्हे.

दुसरा तुकडा २०००-०१ ते २०२३-२४. दिरहम १२.४५ वरून २२.५५ च्या आसपास, म्हणजे दुपटीलाही कमी. किमती मात्र चौपटीहून अधिक. २०२३-२४ मध्ये हजाराचे साडेबावीस हजार येत. ते २००० सालच्या भाषेत मांडले तर साडेपाच हजारांच्या जवळपास भरतात. तेव्हा येत होते साडेबारा हजार. चाचींचं 'पुरत नाही' हे गाऱ्हाणं नव्हतं, तो बरोबर काढलेला हिशेब होता.

सोन्यात मोजलं तर अंतर आणखी दिसतं. २०००-०१ मध्ये १० ग्रॅम सोनं साधारण ४,४०० रुपयांना होतं, हजार दिरहमांत २८ ग्रॅम येई. २०२३-२४ मध्ये चार ग्रॅमही येत नाही. पण इथे रुपयाला सगळा दोष देता येत नाही. सोनं जगभरच महागलं, दिरहमातही आणि डॉलरमध्येही. सोन्याचा काटा लग्नाच्या हिशेबाला ठीक, दराच्या हिशेबाला नाही.

२००० नंतर असं का झालं? एकच कारण नाही. सॉफ्टवेअरची निर्यात वाढली, परदेशी गुंतवणूक आली, रिझर्व्ह बँकेने गंगाजळी भरली. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ७०० अब्ज डॉलरच्या वर होती. महागाईच्या मानाने रुपया त्यामुळे टिकून राहिला. आणि ज्या रकमांनी तो टिकला त्यांत परदेशातल्या भारतीयांनी घरी पाठवलेला पैसाही आहे. जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये भारतात असे सुमारे १२९ अब्ज डॉलर आले, जगात सर्वाधिक. म्हणजे शारजाहून मुलगा जे दिरहम पाठवतो, तेच इतर लाखो जणांच्या दिरहमांशी मिळून रुपयाला हात देतात आणि त्याचा पुढच्या महिन्याचा दर थोडा कमी करतात.

या पैशाचा माग काढणंही सोपं नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत अशा रकमांतला महाराष्ट्राचा वाटा २०२०-२१ मध्ये ३५.२ टक्के दिसला आणि २०२३-२४ मध्ये २०.५ टक्के, केरळचा १०.२ वरून १९.७ वर गेला. तीन वर्षांत माणसं एवढी हलत नाहीत. पैसा पोहोचतो कुठे आणि नोंदला जातो कुठे, यांत फरक असतो. दुसरीकडे अमिरातीचा वाटा २०१६-१७ मध्ये जवळपास २७ टक्के होता, तो १९.२ वर आला आणि अमेरिका पहिली झाली. मीरा रोडच्या जुन्या इमारतींतून दिरहमाचा आणि नव्या टॉवरांतून डॉलरचा रेट विचारला जातो, तो या आकड्यांना धरूनच.

पुन्हा रुपयात

१५ जुलै २०२३ रोजी रिझर्व्ह बँक आणि अमिरातीची मध्यवर्ती बँक यांच्यात करार झाला: परस्परांचे व्यवहार रुपया-दिरहमात करायचे आणि दोन्हीकडच्या तत्काळ भरणा यंत्रणा जोडायच्या. त्याच ऑगस्टमध्ये इंडियन ऑइलने अबू धाबीच्या तेल कंपनीला दहा लाख पिंप तेलाचे पैसे रुपयांत दिले. ५७ वर्षांनी रुपया पुन्हा अमिरातीत व्यापारी चलन म्हणून उतरला, नाशिकच्या 'झेड' नोटेने नव्हे, संगणकातल्या नोंदीने.

पण दर कसा ठरतो? अजून डॉलरमधूनच. दिरहम डॉलरला बांधलेला असेपर्यंत रुपया-दिरहमाचा भाव हा डॉलरचा भाव ३.६७२५ ने भागून आलेलाच राहणार. मधला दलाल कमी झाला तर पाठवणाऱ्याचे शेकड्याला काही पैसे वाचतील, आणि महिन्याला दोन हजार दिरहम पाठवणाऱ्याला तेही थोडे नाहीत. दराची चाल मात्र बदलणार नाही.

आढाव्याचा निष्कर्ष काढायचा तर दोन्ही बाजूंना थोडं नाराज करावं लागेल. रुपयाचा दर हा राष्ट्राच्या अब्रूचा आकडा नाही; १९८० ते २००० मधली त्याची बरीचशी घसरण म्हणजे घरातल्या महागाईची बाहेर पडलेली सावली होती. आणि तो आखाती घरांसाठी लॉटरीही नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याच्या चढाने किराणा, शाळेची फी, दवाखाना यांची बरोबरी कधीच केली नाही. शिवाय रुपया पडला की तेच घर पेट्रोल, खाद्यतेल आणि मुलाच्या लॅपटॉपला जास्त मोजतं. दर पाहावा, पण बाबासाहेबांनी १९२३ मध्ये विचारलेला प्रश्न आधी विचारावा: या रुपयात घरी काय येतं?

हे सगळं मी चाचींना जमेल तसं सांगितलं. त्यांनी वही उलटी करून मला दुसरा रकाना दाखवला, दिरहमांचा. मी तोवर तिसऱ्याच रकान्यात अडकलो होतो. नवरा महिन्याला पाचशे-सहाशे पाठवायचा. मुलगा दोन-अडीच हजार पाठवतो, आणि तीन वर्षांत एकदाच घरी येतो. महागाई चौपट झाली म्हणून दिरहमही चौपट आले. दराने जे दिलं नाही ते पगाराने आणि ओव्हरटाइमने भरून काढलं.

"म्हणजे रेट पाहायचाच नाही?" त्यांनी विचारलं.

पाहा की, म्हटलं. त्या हसल्या आणि मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन त्या दिवसाचा भाव वहीत उतरवून घेतला.